लंकाबाईचं हळदीचं बोट

भिंगारच्या पुढं लष्कराच्या कॅम्पाची हद्द संपली, की जामखेडच्या सडकेला डावीकडं एक गाडीवाट फुटायची. एका बोडक्या टेकाडाला वळसा घालून ती लंकाबाईच्या वस्तीवर जायची आणि तिथंच संपायची. पत्र्याचं घर, गोठा, विहीर, दारात दांडगा कडुलिंब आणि लिंबाखाली बाजेवर पडलेला आसाराम, एवढी ती वस्ती. आसाराम हा लंकाबाईचा नवरा. माणूस आजारी नव्हता, आळशीही नव्हता. तांबडं फुटायच्या आत उठून जनावरांचं शेणपाणी, वैरण, धार सगळं उरकायचा. पण एकदा का चहा पिऊन बाजेवर आडवा झाला, की ऊन सरकत सरकत पायावर येईपर्यंत त्याला उठवायची कुणाची टाप नव्हती. लंकाबाईनं संसाराची सगळी वर्षं तो प्रयत्न करून पाहिला होता आणि तेवढ्या एकाच बाबतीत हार मानली होती.

बाकी कशात ती हार मानणारी नव्हती. तिला आयुष्यात कुणी एखादं काम सोपवलं असं कधी झालंच नाही, कारण कुणी सोपवायच्या आत ती ते उचलून मोकळी व्हायची. भावकीत लग्न निघालं, की ही पदर खोचून बुंदीच्या पातेल्यापाशी बसायची आणि कुणाला दुसऱ्यांदा वाढायचं, कुणाला नाही, हे नजरेनंच सांगायची. वाढपी मुकाट्यानं ऐकायचे. थोरली लेक काष्टीला दिली तेव्हा पाहायला आलेल्या नवरदेवाला तिनं चहाच्या आधी कुऱ्हाड दिली आणि बाभळीचा एक बुंधा दाखवला. त्यानं तो फोडला, मगच पोहे आले. दुष्काळात ती सडकेच्या कामावर खडी फोडायला गेली, तर आठवडाभरात मुकादम पाणी प्यायची सुट्टी तिला विचारून द्यायला लागला. माहेर तिसगावचं. तिथल्या बाजारात आजही काही जण तिचं नाव निघालं की मेथीची जुडी आपसूक थोडी मोठी बांधतात, असं आसाराम सांगायचा. अर्थात झोपल्या झोपल्या.

तर दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट.

कॅम्पात तेव्हा जी पलटण होती, तिच्यातल्या निवडक जवानांना नाईक व्हायच्या आधी लांब कुठल्याशा सेंटरवर ट्रेनिंगला पाठवायचे. दहा माणसं कशी हाताळायची, त्यांना कामाला कसं लावायचं, हे तिथं शिकवत. त्याला ते लोक कॅडर म्हणत. त्या वर्षी या पलटणीनं पाठवलेली पहिली टोळी गेली आणि बघता बघता परत आली. सेंटरवाल्यांनी म्हणे पहिल्याच सकाळी सगळ्यांना पळायला लावलं आणि निम्मे जण वाटेत बसले. सेंटरचं म्हणणं पडलं, की आम्ही माणसाला पुढारीपण शिकवतो, पळायला शिकवत नाही, ते तुमच्याकडून शिकून आलं पाहिजे.

यावरून पलटणीत मोठा खल झाला. कॅप्टनसाहेब उत्तरेकडचे, वयानं कोवळे, स्वतः हरणासारखे पळणारे. त्यांनी सुभेदाराला विचारलं, की जवान धडधाकट ठेवायची जबाबदारी कुणाची. सुभेदार म्हणाले, पी.टी. घेणाऱ्या हवालदाराची. हवालदार म्हणाला, मी फक्त शिट्टी वाजवतो, शरीर ज्याचं त्यानं राखायचं. जवानांना विचारलं तर ते म्हणाले, लंगरात, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, तेल फार असतं, लंगऱ्या आचाऱ्याला विचारा. लंगऱ्या म्हणाला, तेल वरून येतं. वर म्हणजे कुठं, ते त्यालाही सांगता येईना. फिरून फिरून प्रश्न कॅप्टनसाहेबांच्या टेबलावर परत आला. तेव्हा चिडून त्यांनी हुकूम सोडला, की इथून पुढं जो माणूस एखाद्याला धडधाकट म्हणून पाठवील, त्यानं तो जवान परत आला तर त्याच्या वाटचं पळायचं. आणि पाठवायचं काम दिलं हवालदाराला.

हवालदाराचं नाव सहादेव. तो काष्टीकडचाच, म्हणजे लंकाबाईच्या थोरल्या लेकीच्या सासरच्या गावचा. माणूस भला, पण लढाईत गुडघा दुखावलेला आणि नंतर पोट सुटलेलं, त्यामुळं पळणं तर सोडाच, तो भरभर चालला तरी लोक वाट सोडून त्याच्याकडं बघत राहायचे. त्याची अडचण अशी, की जवान कॅम्पातून निघून लंकाबाईच्या लिंबाला हात लावून परत यायचे, असा पळायचा रस्ता होता. सहादेव शिट्टी घेऊन कॅम्पाच्या टोकाला उभा. पलीकडं टेकाडामागं काय चालतं, ते त्याला दिसायचं नाही. आणि टेकाडामागं काय चालायचं, तर बरेचसे जवान तिथल्या ओढ्यात बसून बिडी ओढायचे, तोंडावर पाणी मारायचे आणि घामाघूम झाल्यासारखे परत फिरायचे.

शेवटी एका दुपारी सहादेव सायकल हाणत वस्तीवर आला आणि त्यानं लंकाबाईपुढं हात जोडले. म्हणाला, मावशी, तुमच्या लिंबापर्यंत कोण पोचतंय आणि कोण नाही, एवढं बघा. पोचलेल्याच्या हातावर काहीतरी खूण करा, म्हणजे मला तिकडं कळंल.

लंकाबाईनं एका शब्दानंही आढेवेढे घेतले नाहीत. सायकलीवरून उतरताना त्यानं केलेला तोंडाचा आकार बघूनच तिनं मनात काम घेऊन टाकलं होतं. खूण कसली करायची यावर ती थोडा वेळ विचारात पडली. मग उठली आणि वाटीत हळद कालवून आणली. पोचलेल्याच्या मनगटावर हळदीचं एक बोट.

पहिल्या दिवशी सगळं सुरळीत झालं. जवान धापा टाकत आले, मनगट पुढं केलं, बोट उमटलं, गेले. दुसऱ्या दिवशी मात्र लंकाबाईकडं आले त्याच्या दुप्पट जवान कॅम्पात पिवळी मनगटं घेऊन पोचले. लंगरात हळदीला काय तोटा. सहादेव संध्याकाळी रडकुंडीला येऊन सांगायला आला. लंकाबाईनं फक्त आसारामच्या उशाची चंची ओढली, त्यातली चुन्याची डबी काढली आणि नखभर चुना हळदीत घातला. हळद तांबडी झाली. तिसऱ्या दिवशी पिवळ्या मनगटाचे सगळे जण सहादेवनं बाजूला काढले आणि त्यांच्याकडून कॅम्पाच्या संडासाला चुना मारून घेतला. त्या रात्री जवानांत ठरलं, की लिंबापर्यंत जाण्यातच कमी त्रास आहे.

इथं थांबली असती तर ती लंकाबाई कसली. चौथ्या-पाचव्या दिवशी सहादेव सहज टेकला असताना तिनं त्याला विचारलं, की हे सगळं कशासाठी, नाईक म्हणजे कोण. सहादेवनं तिला समजेल अशा बेतानं सांगितलं, की नाईक म्हणजे ज्याच्या शब्दावर दहा माणसं उठतात.

"उठत्यात म्हंजी?" लंकाबाई म्हणाली.

"म्हंजी नाईक म्हनला उठा, की उठायचं. का, कशाला, इचारायचं न्हाई."

 लंकाबाईची नजर हळूहळू लिंबाखालच्या बाजेवर गेली आणि तिथंच राहिली. सहादेव घाईनं सायकलीकडं गेला. त्याला काय होणार ते कळलं नव्हतं, पण काहीतरी होणार एवढं कळलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून लंकाबाईनं दोन बोटांची पद्धत सुरू केली. लिंबाला हात लावला की एक बोट. त्याचा अर्थ, हा पळू शकतो. "पळतं तर बोकूडबी," असं ती प्रत्येकाला सांगायची. दुसरं बोट हवं असेल, तर बाजेवर झोपलेल्या माणसाला, अंगाला हात न लावता, उठवून दाखवायचं. आसारामला तिनं विचारलं नव्हतं, पण त्याचीही काही हरकत दिसली नाही. त्याला फक्त नेहमीसारखं पडून राहायचं होतं.

जवानांना आधी गंमत वाटली. गोरक्षनाथ नावाचा एक सडसडीत पोरगा होता, पलटणीत सगळ्यात पुढं पळणारा. तो रोज सगळ्यांच्या आधी पोचायचा, श्वासही न लागलेला. तो बाजेपाशी ताठ उभा राहिला आणि त्यानं परेडीच्या आवाजात "सावधान" अशी आरोळी दिली. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली, कोंबड्या पत्र्यावर चढल्या, शेजारच्या वावरातली बाई खुरपं टाकून बघायला आली. आसारामनं कूस बदलली.

एकानं सांगितलं, पाटील, म्हैस सुटली. आसारामनं डोळे न उघडता सांगितलं, की म्हैस समोर रवंथ करतीय, त्याला आवाज येतोय. एकानं ओरडून सांगितलं, की घराला आग लागली. त्यावर आसाराम म्हणाला, "मंग पळा की, उभं का ऱ्हायलात." एक मद्रासकडचा जवान होता, त्याला मराठीचा गंधही नव्हता. त्यानं बाजेशेजारी बसून आपल्याकडचं एक गाणं फार गोड गळ्यात म्हटलं. आसारामला ते इतकं आवडलं, की तो घोरायला लागला. लंकाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं बोट काही दिलं नाही.

आता जो तो त्या दुसऱ्या बोटाच्या मागं लागला. कॅम्पात लंगराच्या रांगेत, आंघोळीच्या हौदावर, एकच विषय. आसारामला काय आवडतं, त्याला कशाची भीती वाटते, त्याची जुनी भांडणं कुणाशी होती. पळायला कंटाळणारे आता आधी पोचायला धडपडायचे, कारण उन्हं वर आल्यावर आसाराम आपला आपण उठायचा आणि मग दिवस वाया जायचा. लंकाबाईचाही त्यात थोडा फायदा झाला, हे नाकारता येणार नाही. बाजेपाशी आपली पाळी येईपर्यंत जवान रिकामे उभे असायचे आणि रिकामं उभं राहिलेलं माणूस तिला बघवत नसे. त्या पंधरवड्यात विहिरीतला गाळ निघाला, कडब्याची गंजी रचून झाली आणि गोठ्याची पडलेली भिंत उभी राहिली.

या सगळ्यांत श्रीमंत नावाचा एक जवान होता. पोटानं आणि गालांनीही तो नावाला जागणारा. लंगऱ्याशी त्याची दोस्ती होती. सगळे परत निघाले की हा टेकाडाच्या वळणावर दिसायचा, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातानं धोतर सावरावं तशी चड्डी सावरत. तो पोचेपर्यंत बाजेपाशी कुणी उरलेलं नसायचं. एका सकाळी असाच तो आला, लिंबाला हात लावला आणि पुढं जायची ताकदच नसल्यानं बाजेच्या पायाशी फतकल मारून बसला. दम खाऊन झाल्यावर त्यानं आसारामला तंबाखू मागितली. आसारामनं पडल्या पडल्या चंची दिली. श्रीमंतनं मळली, अर्धी त्याला दिली आणि सहज विचारलं, की या विहिरीला एवढं गोड पाणी आणि वर लिंबोणीचं एकही झाड कसं नाही.

आसारामनं डोळे उघडले. म्हणाला, होतं, दुष्काळात वाळलं, पण मुळातून फूट आलीय. श्रीमंत म्हणाला, दुष्काळात वाळलेल्याला पुन्हा फूट येईल, हे काही आपल्याला खरं वाटत नाही. आसाराम उठून बसला. पायात वहाणा घातल्या आणि म्हणाला, चल दाखवतो.

लंकाबाई चुलीपुढून बाहेर आली तेव्हा दोघं विहिरीपलीकडं ओणवे होऊन काहीतरी बघत होते आणि ऊन अजून बाजेच्या जवळपासही आलं नव्हतं. ती वाटी घेऊन गेली आणि तिनं श्रीमंतच्या मनगटावर दुसरं बोट इतकं जोरात उमटवलं, की तो कळवळला.

इकडं कॅप्टनसाहेबांना एवढंच माहीत होतं, की पलीकडच्या टोकाला खूण करणारं एक माणूस ठेवलंय. कुणाच्या मनगटावर दोन खुणा दिसल्यावर त्यांनी सहादेवला विचारलं.  तो म्हणाला, साहेब, पहिली पळण्याची, दुसरी पुढारीपणाची. साहेब खूश झाले. असली परीक्षा घेणारं कोण आहे, असं त्यांनी विचारलं. सहादेवनं सांगितलं, एक अनुभवी माणूस आहे, बरीच वर्षं माणसं हाताळलेलं. खोटं त्यात काहीच नव्हतं. साहेबांनी त्याच दिवशी कॅडरला जाणाऱ्यांची नावं वर पाठवायला सांगितली आणि दोन खुणांच्या माणसाचं नाव सगळ्यात वर लिहायला लावलं. नाव गेल्यावर त्यांनी चौकशी केली, की हा श्रीमंत कोणता. सुभेदारांनी लंगराकडं बोट दाखवलं. श्रीमंत दारात बसून बटाटे सोलत होता.

खुणा करणारं ते माणूस बघायला दुसऱ्या दिवशी पहाटे कॅप्टनसाहेब स्वतः जवानांबरोबर पळायला निघाले. अंगात बनियन आणि चड्डी, सगळ्यांसारखीच. पुढं सुटले ते टेकाड ओलांडून सरळ लिंबापाशी, गोरक्षनाथच्याही पुढं. मिसरूड विरळ, गाल लाल झालेले. लंकाबाईला वाटलं, नवीन भरतीतलं पोर दिसतंय. तिनं बोट लावलं, पाठीवर थाप दिली आणि बाजेकडं हात केला.

साहेबांना मराठी थोडंथोडं यायचं. काय करायचं ते त्यांना कळलं, पण का करायचं ते कळेना. तरी गडी हिकमती. आधी त्यांनी आदबीनं विनंती केली. मग जरा करड्या आवाजात सांगितलं. मग उठायला मदत म्हणून हात पुढं केला, तर आसारामनं तो प्रेमानं हातात घेऊन हलवला आणि सोडून दिला. मागून आलेले जवान एकेक करत लिंबाखाली जमले.  गोरक्षनाथनं लंकाबाईला डोळ्यांनी खुणावून पाहिलं. तिला वाटलं, त्याच्या डोळ्यात कचरा गेलाय. तिनं त्याला पाणी मारायला सांगितलं.

कॅप्टनसाहेब पुष्कळ वेळ झटले. शेवटी कमरेवर हात ठेवून उभे राहिले. लंकाबाईला त्यांची दया आली.

"न्हाई जमायचं तुला औंदा," ती म्हणाली. "पळतुयस झ्याक. पन वरीसभर थांब, जरा मानसांत बस. मग ये."

तेवढ्यात सायकलीवरून सहादेव आला, कारण साहेब पळायला गेल्याचं त्याला उशिरा कळलं होतं. त्यानं सायकल तशीच आडवी सोडली आणि खाडकन सलाम ठोकला. लंकाबाईनं आधी सहादेवकडं पाहिलं, मग सलामाच्या दिशेनं त्या पोराकडं. कुणीतरी हलक्या आवाजात तिला सांगितलं, की हेच कॅप्टनसाहेब, सगळ्यांचे मोठे.

लंकाबाईनं साहेबांना पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं. लाजली वगैरे नाही.

"मंग तर तुमाला जमायलाच पायजे हुतं," ती म्हणाली.

लिंबाखाली इतकी शांतता झाली, की आसारामनं एक डोळा उघडला. साहेबांचा चेहरा अजून लाल झाला. त्यांनी सहादेवकडं वळून विचारलं, की हे सगळं कुणाच्या जबाबदारीवर चाललंय. सहादेवनं सुभेदारांचं नाव घ्यायला तोंड उघडलं, मिटलं, मग गुडघ्याकडं बघत राहिला. जवान एकमेकांच्या मागं सरकले. कुणी लंगऱ्याचं नाव पुटपुटलं. साहेबांनी पुन्हा विचारलं, या खेपेला मोडक्या मराठीत आणि सावकाश.

"माझ्या," लंकाबाई म्हणाली. "दुसऱ्या कुनाच्या आसनार? बोट माझं, हळद माझी, मानूसबी माझंच. ज्याला धाडनार तो माझ्या जबाबदारीवर."

महिनाभर साहेब हे एक वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायला धडपडत होते. सुभेदारांनी म्हटलं नव्हतं, हवालदारानं म्हटलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यांनी स्वतःही म्हटलं नव्हतं, ते त्यांना तेव्हाच जाणवलं. ते बाजेच्या कडेवर टेकले. आसारामनं पाय आखडून त्यांना जागा दिली. लंकाबाईनं भाकरी आणि ठेचा आणला. साहेबांना ठेच्याचा अनुभव नव्हता. त्या दिवशी ते जेवढ्या वेगानं कॅम्पात परतले, तेवढ्या वेगानं त्या वाटेवर आजवर कुणी पळालं नसेल, असं गोरक्षनाथ नंतर सांगायचा.

साहेबांनी कुणाला शिक्षा केली नाही. एवढंच केलं, की इथून पुढं पळण्याच्या दिवशी लिंबापाशी ते स्वतः उभे राहतील, असं ठरवून टाकलं. पण वर गेलेली नावं काही परत आणता येईनात. सगळ्यात वर श्रीमंत. मग गोरक्षनाथ आणि बाकीचे. टोळी रवाना झाली आणि काही दिवसांतच श्रीमंत एकटा परत आला. तिथं त्याला बोलण्याचालण्यात सगळ्यांनी नावाजलं, दहा माणसं पहिल्याच संध्याकाळी त्याच्याभोवती गोळा झाली, पण सकाळी पळायच्या वेळी तो रस्त्यावर मधेच बसला आणि ती दहाही माणसं त्याच्याशी गप्पा मारत बसली.

बातमी सहादेवकडून वस्तीवर आली. लंकाबाईला धक्का बसला. आपलं काही चुकेल अशी तिला सवय नव्हती. रात्री जेवताना ती दोनदा म्हणाली, की पळण्याला एवढं कशाला महत्त्व द्यायचं, आणि दोन्ही वेळा तिलाच ते पटलं नाही. आसाराम म्हणाला, पोरगं गुणाचं आहे, पण जड आहे. तेही खरंच होतं. मग तिला सहादेवनं सांगितलेला साहेबांचा तो हुकूम आठवला. जो धडधाकट म्हणून पाठवील, त्यानं परत आलेल्याच्या वाटचं पळायचं.

सकाळी कॅम्पाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं पाहिलं, तर एक बाई नऊवारीचा काष्टा घट्ट कसून, डोक्याला फडकं बांधून समोर उभी. काय काम, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, पळायला आलीय. कुणाच्या वाटचं, तर श्रीमंतच्या. पहारेकऱ्यानं हवालदाराला बोलावलं, हवालदारानं सुभेदारांना, आणि सुभेदार थेट कॅप्टनसाहेबांकडं गेले. साहेब फाटकावर आले. त्यांनी तिला फार समजावलं, की तो हुकूम आपल्या लोकांसाठी होता, तुम्ही घरी जा. लंकाबाई हलली नाही. म्हणाली, मी तुमच्यासमोर सांगितलंय, माझी जबाबदारी, आता माघारी गेले तर लोक काय म्हणतील. खरं तर लोकांना काही माहीत नव्हतं. तिला स्वतःलाच ते बोचत होतं.

शेवटी तोड निघाली, की पळायचं श्रीमंतनंच, पण लंकाबाईच्या देखरेखीखाली.

मग रोज सकाळी जामखेडच्या सडकेनं एक वरात निघायला लागली. पुढं श्रीमंत, मागं काष्टा कसलेली लंकाबाई, तिच्या मागं सायकलीवर सहादेव. लंकाबाई पळायची नाही. बाईच्या जातीनं असं धावू नये, असं तिचं मत होतं. पण तिचं चालणं असं, की श्रीमंतला पळावंच लागायचं. तो थांबला तर ती काही बोलायची नाही, नुसती मागून येत राहायची आणि ते त्याला जास्त भीतीचं वाटायचं. चढावर सहादेवला सायकल ढकलत न्यावी लागायची, तर ती त्यालाही पुढं घ्यायची. लंगऱ्याला तिनं फाटकावर बोलावून घेतलं. तो निघाला तिसगावच्या शेजारचा. नाव ऐकल्यावर त्यानं दोन्ही कान पकडले आणि श्रीमंतच्या ताटातलं तेल त्याच दिवशी कमी झालं.

श्रीमंत पहिले काही दिवस रडला. नंतर त्याला वाटेत पुरती दोन वाक्यं बोलता यायला लागली. पुढं पुढं तर तो पळता पळता लंकाबाईच्या धाकट्या लेकीच्या बाळंतपणाबद्दल, विहिरीच्या पाण्याबद्दल आणि लिंबोणीच्या फुटीबद्दल न थांबता बोलायचा आणि लंकाबाईला मात्र उत्तर द्यायला दम लागायचा. तो दिवस तिनं ओळखला. कॅम्पाच्या फाटकावर तिनं साहेबांना निरोप धाडला, की आता न्या.

पुढच्या टोळीबरोबर श्रीमंत गेला आणि परत आला तो ट्रेनिंग पुरं करूनच. पळण्यात तो शेवटून दुसरा आला होता, हे त्यानं अभिमानानं सांगितलं. शेवटून पहिला कोण होता, हे विचारल्यावर म्हणाला, त्याचा पाय मोडला होता. लंकाबाईनं त्याच्या दंडावरची नाईकाची नवी पट्टी चिमटीत धरून ओढून पाहिली, शिलाई पक्की आहे का म्हणून. टाके सैल होते. तिनं सुई-दोरा आणून, त्याला हलू न देता, ती पुन्हा शिवून दिली.

सहादेवचंही पोट बरंच उतरलं होतं, पण ते त्यानं कुणाच्या लक्षात येऊ दिलं नाही. नाहीतर त्याला कॅडरला पाठवायला निघाले असते.

त्यानंतर उन्हाळ्याच्या तोंडाला पलटणीची बदली झाली. मोठाल्या गाड्या सकाळभर सडकेनं जात होत्या. लंकाबाई गाडीवाटेच्या तोंडाशी उभी होती आणि प्रत्येक गाडीतून कुणी ना कुणी मनगट वर करून हलवत होतं. कॅप्टनसाहेबांची जीप थांबली. साहेब उतरले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, मावशी, वर्ष अजून भरलं नाही. ती म्हणाली, असू द्या, जिथं जाल तिथं मानसांत बसा. जीप गेली. धुरळा खाली बसेपर्यंत ती तिथंच होती.

नवी पलटण आली, पण तिचे जवान दुसऱ्याच रस्त्यानं पळायचे. लंकाबाईनं दोन-चार दिवस वाट पाहिली. मग एका सकाळी तिनं काष्टा कसला आणि सडकेनं कॅम्पाच्या फाटकापर्यंत जाऊन परत आली. दुसऱ्या दिवशीही गेली. वावरातल्या बायांनी विचारलं, की रोज उठून कुठं चाललीस. तिनं सांगितलं, मीठ आणायला. महिनाभरानं बायांनी आपसात हिशेब केला, की एवढं मीठ ती दोघं जण खातात तरी कधी.